हेरांना प्रश्न कोण विचारणार?

स्पर्धा परीक्षेत येतो तसा एक प्रश्न घ्या. 'इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजेच आयबी, संसदेच्या कोणत्या कायद्यानुसार स्थापन झाली?' पर्याय चार : १९४७चा कायदा, १९६८चा कायदा, २००८चा कायदा, यापैकी नाही.

बरोबर उत्तर चौथं. आयबी सुरू झाली १८८७मध्ये, ब्रिटिश सरकारच्या एका प्रशासकीय आदेशाने. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, आयबी मात्र कायद्याशिवाय तशीच चालू राहिली. परदेशातली माहिती काढणारी रॉ, म्हणजे रिसर्च अँड ॲनालिसिस विंग, स्थापन झाली सप्टेंबर १९६८मध्ये. तीही सरकारी आदेशानेच. तिच्यासाठीही संसदेने कधी कायदा केला नाही.

तुमच्या हॉस्टेलमध्ये, अभ्यासिकेत कोणी ना कोणी आयबीच्या 'एसीआयओ' पदाची तयारी करत असेलच. २०२५च्या जाहिरातीत या पदाच्या ३,७१७ जागा होत्या आणि पात्रता आपल्यासारखीच, कुठल्याही शाखेची पदवी. म्हणजे आपल्याच वयाची मुलं या संस्थेत जाणार आहेत. ही संस्था काय करू शकते, काय करू शकत नाही आणि चुकली तर तिला कोण विचारणार, हे कोणत्या कायद्यात लिहिलंय, असं त्यांना विचारून बघा. सांगता येणार नाही. त्यात त्यांचा अभ्यास कमी पडलेला नाही. ते लिहिलेलंच नाहीये.

कोण कोणाला रिपोर्ट करतं?

सिनेमात सगळं सोपं असतं. 'रॉ एजंट' म्हटलं की एक हिरो, एक फोन, एक मिशन. प्रत्यक्षातली रचना समजून घ्यायला थोडा वेळ लागतो, पण ती समजल्याशिवाय पुढचा प्रश्न कळणार नाही.

आयबी देशांतर्गत माहिती गोळा करते आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. तिला अटक करण्याचा अधिकार नाही. ती माहिती देते, पुढची कारवाई पोलिस किंवा तपास यंत्रणा करतात. १९६२चं चीन युद्ध आणि १९६५चं पाकिस्तान युद्ध झाल्यावर परदेशी माहितीसाठी वेगळी संस्था हवी, असं ठरलं आणि आयबीतून रॉ वेगळी काढली गेली. रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख. रॉ कॅबिनेट सचिवालयात मोडते आणि थेट पंतप्रधानांना उत्तर देते. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली. त्यानंतरच्या फेररचनेत लष्करासाठी डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आणि सॅटेलाइट, सिग्नल, सायबर अशा तांत्रिक कामांसाठी एनटीआरओ ही संस्था उभी राहिली. या सगळ्यांचा समन्वय राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पाहतात. राज्यांकडे आपापल्या यंत्रणा आहेतच. महाराष्ट्रात राज्य गुप्तवार्ता विभाग आहे, शहर पोलिसांच्या विशेष शाखा आहेत.

आता यात एक फरक लक्षात घ्या. २६/११च्या हल्ल्यानंतर आलेली एनआयए ही तपास यंत्रणा आहे. ती गुन्हा नोंदवते, आरोपपत्र दाखल करते आणि तिच्यासाठी संसदेने २००८मध्ये स्वतंत्र कायदा केला. सीबीआयला निदान १९४६च्या दिल्ली विशेष पोलिस आस्थापना कायद्याचा आधार घेता येतो. आयबी आणि रॉला तेवढंही नाही. गंमत म्हणजे घटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्र सूचीच्या आठव्या नोंदीत, केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभागाचा उल्लेख आहे. म्हणजे या विषयावर कायदा करायचा अधिकार घटनेने संसदेला देऊन ठेवलाय. आयबी आणि रॉसाठी संसदेने तो वापरलेला नाही.

'कायदा नसला म्हणून काय बिघडलं? काम तर चाललंय ना?' असं तुम्ही म्हणाल. बिघडतं ते दोन बाजूंनी. या संस्थांनी नको तिथे लक्ष घातलं तर विचारणारं कोणी नसतं. आणि हवं तिथे लक्ष घातलं नाही, तरीही विचारणारं कोणी नसतं. दुसऱ्या बाजूबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

दोन सेकंदांची देखरेख

आधी पहिली बाजू. फोन टॅपिंग.

मास कॉमला मीडिया लॉच्या पेपरमध्ये पीयूसीएलचा खटला हमखास विचारतात. या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये सांगितलं की फोनवरचं संभाषण हा खासगीपणाचा भाग आहे. टॅपिंग करायचं असेल तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा लेखी आदेश हवा आणि त्या आदेशांची छाननी करणारी एक आढावा समिती हवी. ऐकायला छान वाटतं. पण समितीत कोण? केंद्रात अध्यक्ष कॅबिनेट सचिव, सोबत विधी आणि दूरसंचार खात्यांचे सचिव. आदेश देणारे सरकारी सचिव, तपासणारेही सरकारी सचिव. न्यायाधीश नाही, खासदार नाही, विरोधी पक्षाचा तर प्रश्नच नाही.

आता आकडे बघा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८च्या डेटा संरक्षणावरच्या अहवालात माहिती अधिकारातून मिळालेल्या उत्तराचा दाखला दिलाय. केंद्र सरकार महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश काढत होतं. आढावा समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासायचे.

कॅल्क्युलेटर काढा. समितीने चहाला न उठता सलग आठ तास काम केलं तर हातात २८,८०० सेकंद येतात. एका आदेशाच्या वाट्याला पूर्ण दोन सेकंदही येत नाहीत. इन्स्टाचं एखादं रील स्क्रोल करून टाकायलाही आपण याहून जास्त वेळ घेतो.

मग चुकीचे आदेश निघतात का? निघतात, आणि त्याचा पुरावा मुंबईतच आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन टॅप करण्याचे केंद्रीय गृह मंत्रालयाचे तीन आदेश रद्द केले. लाचखोरीच्या त्या प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता, कायद्याची अटच पूर्ण होत नव्हती, असं कोर्टाने सांगितलं. रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. पण हे कळलं कसं? त्या माणसावर खटला झाला, त्यात ते रेकॉर्डिंग वापरलं गेलं, म्हणून. ज्यांचा फोन ऐकला गेला पण खटला झालाच नाही, त्यांना आयुष्यात कधी कळणार नाही. कळवायचं बंधन कोणावरच नाही. माहितीचा अधिकार वापरायचा तर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीने आयबी, रॉ यांना त्यातून वगळलंय. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप एवढाच अपवाद. २०२३च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यातही सरकारला हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देता येते.

संसद कुठे आहे?

आपण ज्यांना निवडून देतो ते खासदार या चित्रात कुठे आहेत? थोडेसे आहेत. आयबीचा खर्च गृह मंत्रालयाच्या अर्थसंकल्पात दिसतो, तीन हजार कोटींच्या वर. गृह खात्याची संसदीय स्थायी समिती त्या मागण्या तपासते. पण १९९३पासून सुरू झालेल्या या स्थायी समित्यांनी खात्यांच्या रोजच्या कारभारात शिरायचं नाही, असा नियम आहे. शिवाय एखादा कागद उघड करणं देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक आहे, असं म्हणून सरकार तो समितीला द्यायला नकार देऊ शकतं. फक्त गुप्तचर संस्थांसाठी बनवलेली, त्यांच्या फायली बघण्याचा अधिकार असलेली समिती आपल्या संसदेत नाही.

पेगासस प्रकरणात हे स्पष्ट दिसलं. जुलै २०२१मध्ये पत्रकार, विरोधी नेते यांच्या फोनवर पाळत ठेवल्याचे आरोप झाले. माहिती-तंत्रज्ञानाच्या स्थायी समितीने २८ जुलैला बैठक बोलावली. सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनी हजेरीच्या रजिस्टरवर सही केली नाही, कोरम भरला नाही, बैठक बारगळली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये तांत्रिक समिती नेमली. राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं की सरकारला मोकळं रान मिळत नाही, असंही सुनावलं. समितीने २९ फोन तपासले. पाच फोनमध्ये मालवेअर सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे सरन्यायाधीशांनीच ऑगस्ट २०२२मध्ये कोर्टात सांगितलं. पाळत होती की नव्हती? आजही आपल्याकडे नीट उत्तर नाही. नसेल झाली पाळत, तर तेही खात्रीने सांगणारं कोणी नाही. यात सरकारचाही तोटाच आहे.

२६/११ नंतर कोणी विचारलं?

आता दुसरी बाजू.

२६ नोव्हेंबर २००८. सीएसएमटी, ताज, ट्रायडंट, नरिमन हाउस, कामा. १६६ लोक गेले. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत होते, पण ते फुटेज सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २००८मध्ये राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रॉमध्ये काम केलेले व्ही. बालचंद्रन हे तिचे दुसरे सदस्य. समितीने राज्य पोलिसांच्या तयारीतल्या त्रुटींवर बोट ठेवलं. पण केंद्रीय गुप्तचर संस्थांची चौकशी तिच्या कक्षेतच नव्हती. राज्याने नेमलेली समिती केंद्राच्या आयबीला, रॉला काय विचारणार?

आणि केंद्रात? संसदेने एनआयएचा कायदा केला, चर्चा झाली, भाषणं झाली. पण माहिती कुठून आली, कोणाकडे अडकली, कोणी दुर्लक्ष केलं, हे दारं बंद करून का होईना, पण अधिकाराने विचारणारी संसदीय चौकशी झाली नाही.

याच्या शेजारी अमेरिकेतलं ९/११ ठेवा. २००२मध्ये तिथल्या दोन्ही सभागृहांच्या गुप्तचर समित्यांनी एकत्र चौकशी केली. नंतर कायदा करून स्वतंत्र आयोग नेमला. राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांना २००४मध्ये कॅमेऱ्यासमोर शपथेवर उत्तरं द्यावी लागली. अपहरणकर्त्यांपैकी दोघांची माहिती सीआयएकडे होती आणि ती वेळेत एफबीआयपर्यंत पोचली नाही, हे या चौकशांतून बाहेर आलं. आयोगाचा अहवाल पुस्तक म्हणून दुकानात विकला गेला. त्याच वर्षी कायदा बदलून सगळ्या गुप्तचर संस्थांवर एक संचालक नेमण्यात आला.

त्यांनी सगळं उघड केलं असं नाही. पहिल्या चौकशीच्या अहवालातली २८ पानं २०१६पर्यंत झाकलेली होती. पण प्रश्न विचारायला माणसं होती. अपयश कुठे झालं हे शोधलं तरच पुढच्या वेळी ते टळतं. देखरेख म्हणजे हेरांच्या पायात बेड्या, असं आपण समजतो. ती त्यांच्या कामाची तपासणीही असते.

अमेरिका आणि ब्रिटन : उशिरा सुचलेलं शहाणपण

अमेरिकेत हे पहिल्यापासून होतं असं नाही. १९४७च्या कायद्याने सीआयए आली, पण जवळजवळ पाव शतक संसद सदस्यांनी तिला फारसं विचारलं नाही. डिसेंबर १९७४मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार सेमूर हर्श यांनी बातमी दिली की सीआयए आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवतेय. त्यातून १९७५मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांची समिती आली. तिने जे बाहेर काढलं ते धक्कादायक होतं. लोकांची पत्रं वर्षानुवर्षं उघडली जात होती. परदेशी नेत्यांच्या हत्येचे कट रचले गेले होते. एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंग यांना बदनाम करायला निनावी पत्र पाठवलं होतं. त्यानंतर १९७६मध्ये सिनेटची आणि १९७७मध्ये प्रतिनिधीगृहाची कायमस्वरूपी गुप्तचर समिती आली. १९७८च्या कायद्याने देशातल्या अशा पाळतीसाठी विशेष न्यायालयाची परवानगी लागू झाली.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण ब्रिटनचं. तिथेही संसदीय पद्धत, आणि आपली आयबी त्यांच्याच राजवटीत जन्मलेली. त्यांनी एमआयफाइव्हसाठी १९८९मध्ये कायदा केला. १९९४च्या कायद्याने खासदारांची गुप्तचर व सुरक्षा समिती नेमली आणि २०१३मध्ये तिचे अधिकार वाढवले. समितीत नऊच सदस्य, दोन्ही सभागृहांतले, विरोधी पक्षाचेही. बैठका बहुतेक बंद दाराआड. अहवाल आधी पंतप्रधानांकडे जातो, गुप्त भाग झाकला जातो आणि मग तो संसदेत येतो. ज्यांनी आपल्याला आयबी दिली त्यांनी स्वतःच्या घरात नियम केले, आपण मात्र १८८७च्याच घरात राहतोय.

'खासदार गुपितं फोडतील'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टीव्हीवर अर्ध्या तासात सगळं बोलून टाकणारे नेते आपण रोज बघतो. एखाद्या हेराचं नाव फुटलं तर त्याचा जीव जातो. पण म्हणूनच अशा समित्या लहान ठेवतात, सदस्यांना गुप्ततेचं बंधन असतं आणि चालू मोहिमेच्या तपशिलापेक्षा धोरण, खर्च, कायदेशीरपणा यावर भर असतो. तसंही आपण मंत्र्यांवर ही गुपितं सोपवतोच. मंत्री आणि खासदार एकाच निवडणुकीतून येतात. आजचा विरोधी नेता उद्या गृहमंत्री झाला की तीच फाइल त्याच्या टेबलावर येते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. समिती असूनही काम होतंच असं नाही. मार्च २०१३मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी अमेरिकेचे गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना विचारलं, कोट्यवधी अमेरिकनांचा डेटा गोळा करता का? त्यांनी नाही म्हटलं. जूनमध्ये स्नोडेनने कागद बाहेर काढले आणि ते 'नाही' खोटं ठरलं. २०१४मध्ये तर सीआयएच्या लोकांनी सिनेट समितीच्याच कर्मचाऱ्यांचे कॉम्प्युटर तपासल्याचं उघड झालं आणि संचालकांना माफी मागावी लागली. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समितीने सीआयएच्या छळाच्या पद्धतींवरचा सहा हजारांहून जास्त पानांच्या अहवालाचा सारांश जगासमोर ठेवला. म्हणजे समिती ही जादूची कांडी नाही. पण क्लॅपर यांचं खोटं खोटं ठरलं, कारण मुळात तो प्रश्न त्यांना विचारला गेला होता. आपल्याकडे विचारायची जागाच नाही.

प्रयत्न झाले, पण...

असं नाही की हे कोणाला सुचलंच नाही. आणीबाणीत आयबीचा राजकीय वापर झाल्याचं शाह आयोगासमोर आलं आणि जनता सरकारने आयबी-सीबीआयच्या कामाचा विचार करायला एल. पी. सिंग समिती नेमली. कायदा आला नाही. जानेवारी २०१०मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी रॉच्याच काव स्मृती व्याख्यानात, म्हणजे हेरांसमोरच, संसदीय देखरेखीची गरज मांडली. २०११मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांच्या अधिकारांवर आणि देखरेखीवर खासगी विधेयक आणलं. तेव्हा सत्तेत त्यांचाच पक्ष होता, तरी ते पुढे सरकलं नाही. तशीही आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर जेमतेम १४ खासगी विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७०मध्ये. सर्वोच्च न्यायालयात याच मागणीची याचिका गेली, तीही २०१६मध्ये फेटाळली गेली.

म्हणजे हा एका पक्षाचा दोष नाही. विरोधात असताना सगळ्यांना देखरेख हवी असते, सत्तेत आल्यावर ती नको होते. ज्याच्या हातात दुर्बीण येते त्याला ती खाली ठेवावीशी वाटत नाही.

म्हणूनच हा विषय नेत्यांवर सोडून चालणार नाही. तो आपल्या प्रश्नांच्या यादीत यायला हवा. पुढच्या वेळी तुमच्या कॉलेजच्या कार्यक्रमाला तुमचे खासदार आले की रोजगाराबद्दल, फीबद्दल विचाराच. त्यातला एक प्रश्न हाही ठेवा : आयबी आणि रॉसाठी कायदा आणि संसदीय समिती यांना तुमचा पाठिंबा आहे का? हो की नाही? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. पाच वर्षांनी उपयोगी पडेल.

आणि तुमचा जो मित्र एसीआयओची तयारी करतोय, त्याच्यासाठी तर हा कायदा सगळ्यात जास्त गरजेचा आहे. उद्या वरून तोंडी ऑर्डर येईल, 'या माणसाची माहिती काढ.' तो माणूस दहशतवादी असेल किंवा नुसताच कोणाचा तरी राजकीय विरोधक असेल. दुसऱ्या वेळी 'सर, हे नियमात बसत नाही' असं म्हणायला त्याच्या हातात काहीतरी छापील हवं. आज त्याच्याकडे फक्त त्याची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती वापरली तर बदलीची भीती.

हेर कुठे आहेत, काय ऐकतायत, कोणाला भेटतायत, हे तुम्हाला-मला कळायची गरज नाही. कळूही नये. पण आपण मत देऊन पाठवलेल्या मोजक्या माणसांना तरी ते विचारता आलं पाहिजे, आणि त्यांना उत्तर देणं बंधनकारक असलं पाहिजे.